वर्गणीच्या डब्यातला बिल्ला

मंगळवार, डिसेंबर १९५६

लिहायलाही लाज वाटतेय. लढाईच्या दिवसांत सुट्टे पैसे मिळेनासे झाले, तेव्हा आम्ही दुकानाच्या नावाचे पितळी बिल्ले पाडून घेतले होते, सुट्ट्यांऐवजी गिऱ्हाइकाला द्यायला. उरलेले अजून गल्ल्यात पडून आहेत.

काल संयुक्त महाराष्ट्राच्या वर्गणीचा डबा घेऊन गिरणीतली पार्वती आली. दुकानात गर्दी, सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी आण्याऐवजी बिल्ला टाकला. खणकन वाजला. एक आणा जड झाला होता मला? आणि लालबागेत घोषणा सगळ्यांत मोठ्यानं देतो तो मीच!

बिल्ल्यावर आपलंच नाव आहे, हेसुद्धा सुचू नये?

आज पार्वती एकटीच आली. बिल्ला मुठीत झाकून आणला होता.

"तात्यानू, ह्यो तुमचो बिल्लो. चुकान पडलो असतलो. मी कोणाक सांगूक नाय. डब्यात माझो आणो टाकलंय."

मी घाईघाईनं आणा पुढे केला. तिनं घेतला नाही.

तो खणकन आवाज अजून कानातून जात नाही.

जाताना पायरीवर थांबून तिनं विचारलं, "चुकानच ना, तात्यानू?"

मी म्हटलं, "हो, चुकूनच."

तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.