आबांच्या दुबार नोंदी

रविवार, संध्याकाळ. नसरापूर.

आबांना जाऊन महिना झाला. आज त्यांची रेडिओची वही माझ्या कॉम्प्युटरमधल्या लॉगशी, म्हणजे कुणाशी कधी बोलले त्या नोंदींशी, जुळवायला बसले.

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाच्या, स्पर्धेत दुसऱ्या एका हौशी स्टेशनशी एकदा बोललं की गुण मिळतात. पुन्हा बोललं तर कॉम्प्युटर ती ओळ लाल करतो. हिर्डोशीहून आबा दर स्पर्धेत मला दुसऱ्यांदा हाक मारायचेच.

"जेवलीस का गं?"

मी चिडायचे. "आबा, तुमी दुबार झालात. गुण न्हाई मिळत!"

"न्हाई तर न्हाई. आवाज तर आला."

त्यांच्या वहीत प्रत्येक स्पर्धेला माझी नोंद दोनदा आहे. दुसरीपुढे पेन्सिलीनं 'जेवली', नाहीतर 'न्हाई जेवली'.

आणि माझ्या लॉगमध्ये आबा प्रत्येक वेळी एकदाच. लाल ओळी डोळ्यांत खुपायच्या म्हणून मीच पुसत गेले. पुसायची गरजसुद्धा नव्हती, गुण मोजताना त्या आपोआप वगळल्या जातात. मग कशाला पुसल्या? एक तरी लाल ओळ राहिली असती...

वहीतली शेवटची नोंद 'जेवली' अशी आहे.

मी जेवले नव्हते. त्यांनी लवकर आटपावं म्हणून हो म्हणाले होते.