बॉइनच्या काठची माती

प्रिय सारंग,

फोन उचलला नाही म्हणून रागावू नकोस. आप्पांच्या खाटेशेजारी बसून बोलता येत नाही ते ईमेलवर लिहिते आहे. ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली, नर्सही प्रेमळ आहेत. पण डॉक्टरांनी आता औषधं कमी केली आहेत, एवढ्यावरून काय ते समज.

गणपतीत काय झालं ते तुला अर्धंच सांगितलं होतं. चर्चचा हॉल भाड्याने घेतला होता, आरती चालू होती. एक माणूस आत शिरला, आपल्या देवाला घाणेरड्या शिव्या दिल्या आणि मूर्तीला लाथ घातली. आप्पांनी स्वतःच्या हातांनी घडवलेली शाडूची मूर्ती रे! जन्मभर पोरांना चित्रकला शिकवलेला आपला बाप, तुटकी सोंड मांडीवर घेऊन बसून राहिला. मला रडू नाही, संताप आला. मीच गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, बोलावलं. तो सापडलाही. धर्माच्या द्वेषातून तोडफोड केली तर जास्त शिक्षा, असा कायदा आता इथं आहे. तुझे दाजी म्हणतात, जर्मनीत तर पूजा उधळणं हाच वेगळा गुन्हा आहे. असेल. पण कायद्याला पुरावा लागतो, आणि इथं पुरावा म्हणजे आपला बाप्पा. गार्डा बाईने आधी बूट काढले, हात लावू का विचारलं आणि सगळे तुकडे पिशव्यांत भरून नेले.

आप्पांचं एकच म्हणणं होतं, भंगलेली मूर्ती ठेवायची नसते, लगेच विसर्जन करायचं. त्यांना शिक्षा नको होती, मूर्ती हवी होती. मी ऐकलं नाही. माझा हट्ट तुला नवा नाही. आज गप्प बसलो तर उद्या माझ्या ईशाला टिकली लावून शाळेत जायची भीती वाटेल, असं मी त्यांना सुनावलं. अजूनही मला तसंच वाटतं. पण कोर्टाची तारीख पुढेच जाते आहे, आणि आप्पा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, गेले का बाप्पा? त्यांच्याकडे बघवत नाही.

परवा मी नदीवर गेले. विसर्जनानंतर पाटावर मूठभर वाळू घरी आणतो ना आपण, तशी बॉइनच्या काठची माती रुमालात बांधून आणली आणि त्यांच्या हातावर ठेवली. म्हटलं, आप्पा, बाप्पा गेले. त्यांनी ती कपाळाला लावली आणि कित्येक दिवसांनी शांत झोपले. मूर्ती अजून पोलीस ठाण्यातच आहे, सारंग. उद्या ते तुला फोनवर विचारतील. व्हिडिओत विसर्जन पाहिलं, असं सांग. तुला धड खोटं बोलता येत नाही म्हणून आधी कळवते आहे. आवाज कापू देऊ नकोस. आणि केस संपली की ये. मूर्ती पाण्यात सोडताना तेव्हा आपण दोघंच असू.

तुझीच,
यामिनीताई