नरसय्याची साक्ष

१४ जून १९७७
प्लास्टर काढलं. उजवा पाय दीड इंच आखूड. डॉक्टर म्हणाले, "चालाल." शिलाईचं विचारलं, तर पुढच्या पेशंटला हाक मारली.

१९ जून
दुकानात जाऊन मशीनवर बसून पाहिलं. उजवा पाय पायट्यावर ठरत नाही. एकट्या डाव्यानं चाक उलटं फिरतं, दोरा तुटतो. चार वेळा ओवला. बायको, सुमन, दारात उभी होती. तुटलेले दोरे वेचून घरी गेली.

२६ जून
वकिलाकडं. मला उडवणाऱ्या ट्रकवाल्याचा जबाब त्यांनी वाचून दाखवला. म्हणे मी न बघता आडवा पळालो. साफ खोटं. कडेनं चाललो होतो, काखेत गिऱ्हाइकाचे कपडे. "पाहिलं कुणी?" वकिलानं विचारलं. पाहिलं शेजारच्या नरसय्यानं. त्यानंच टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. पण ट्रक त्याच्याच मालकाचा, ज्याच्या कारखान्यात तो माग चालवतो. नाव लगेच दिलं नाही.

२७ जून
नरसय्याला विचारलं. "खरं ते सांगीन की, मास्तर. पण मालक दुसऱ्या दिवशी घरी बसवंल." तीन पोरी त्याला. बघू म्हणालो.

९ जुलै
दुकान सोडलं. मशीन घरात आणलं, जागा अडते. सुमन काज-बटनाचं काम आणते. रात्री भडकली. "त्याच्या पोरी दिसतात, आपलं घर दिसत न्हाय?"

१० जुलै
वकिलाला नाव दिलं. जेवण गेलं नाही.

३ मार्च १९७८
नरसय्याला कोर्टाचं समन्स आलं. संध्याकाळी मालकानं उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्याची बायको लक्ष्मम्मा ओट्यावर येऊन सुमनला म्हणाली, "टांग्यात घातलं तेच चुकलं आमचं." मी आत होतो. बाहेर आलो नाही.

२० मार्च
नरसय्या बोळात समोरून येत होता. मला बघून मागं वळला. हाक मारायची होती, पण काय म्हणून मारू?

११ एप्रिल
तारीख. सकाळपासून कोर्टात बाकावर. दुसऱ्या टोकाला नरसय्या, धुतलेला सदरा घालून. संध्याकाळी पाचला पुढची तारीख पडली, साक्ष झालीच नाही. जिन्यापाशी त्याला गाठलं. "नरसय्या, माझ्यामुळं..."
"कामावर घेतलंय परत," तो म्हणाला. "मालकानं स्वतः बोलावलं परवा. पुढच्या तारखेपर्यंत ये, मग बघू म्हणाला."
"मग तू काय सांगणार?"
तो एक पायरी उतरला, हात पुढं केला. मग म्हणाला, "उतरता येतंय का धरू, मास्तर?"