द्रव-स्फटिक, बेंझिन आणि अमळनेरचे पाहुणे

जळगाव, २७ एप्रिल १९७४

ती. चंदनअक्कास राजकुंवरचा जय जिनेंद्र.

धुळ्यात ऊन कसं आहे? तुझी कंबर आता वाकू देते का? जिजाजींना नमस्कार. इकडे सगळं क्षेम, म्हणजे काल दुपारपर्यंत होतं.

तुला माहीत आहे, माझा प्रबंध द्रव-स्फटिकांवर आहे. (स्फटिक असून वाहतात. आपल्या मामीसारखे, ना धड कडक ना धड पातळ.) त्यात बेंझिन मिसळायचं, भांड्यातल्या दोन पत्र्यांमध्ये भरायचं आणि तापवत तापवत दर अर्ध्या अंशाला ते विजेचा किती भार साठवतं हे मोजायचं. त्यासाठी कानाला हेडफोन लावून यंत्राच्या चकत्या फिरवत बसायचं. कानातली गुणगुण थांबली, म्हणजे शून्यावर आली, की आकडा टिपायचा. गढूळ मिश्रण नितळ होतं तिथले आकडे हुकले, की पुन्हा पहिल्यापासून!

नेमके तेव्हाच बाबा अमळनेरच्या पाहुण्यांना घेऊन प्रयोगशाळेत हजर. मला पाहायला यायचे रविवारी, आले शुक्रवारी. मला उठता येईना. मुलाच्या आई, सुगनबाई, समोरच्या स्टुलावर बसल्या. त्यांचे ओठ हलले, इतक्यात माझी गुणगुण थांबली आणि मी आनंदाने ओरडले, "शून्य!"

त्यांनी विचारलं होतं, स्वयंपाक कितपत येतो. (बाबांनी टोपी काढली, पाहिली, पुन्हा घातली.)

मुलगा नेमीचंद हसू दाबत जवळ आला. त्यांचा तेलाचा व्यापार. भांड्यात डोकावून म्हणाला, "याला झाकण नाही? एवढ्या उन्हात बेंझिन उडत असेल की. मग आत किती उरलं, हे कशावरून धरता?"

अक्का, तीन आठवडे! बत्तीस पानं! प्रत्येक ओळीत बेंझिनचं प्रमाण खोटं! रडावं की याला हाकलावं, कळेना. शेवटी त्याच्याच हातात पेन्सिल दिली. काचेचं झाकण शोधून घट्ट बसवलं आणि नवं मिश्रण घेतलं. मी ओरडायची, तो लिहायचा. सुगनबाई दारातून दोनदा म्हणाल्या, "नेम्या, बस जाईल!" तो म्हणाला, "अर्धा अंश थांब, आई." बस गेली.

इतका आगाऊ मुलगा! पहिल्याच भेटीत कोणी चूक काढतं? असलं स्थळ आपल्याला नकोच.

तुझी,
राजकुंवर

ता.क. सुगनबाईंची बहीण तुमच्याच गल्लीत राहते ना? अमळनेरहून काही निरोप आलाय का, सहज विचार. मी विचारलं म्हणू नकोस.

आणखी ता.क. होकार असेल तर तार कर. नकार असेल तर साधं पत्र पाठव, वाटेत हरवलं तरी चालेल.