विहिरीत कोण पडणार

सूनबाई,

थोरलीचा मुलगा तापाने फणफणलाय, म्हणून चार दिवस तिच्याकडे चालले. भाजी चिरून फ्रीजमध्ये ठेवली आहे.

आपल्या गावाकडच्या मालिकेवरची आजची पैज इथेच लिहिते: जमीनदाराचा बुडालेला मुलगा दाढी वाढवून परत येणार. बारा वर्षांत तो तीनदा बुडालाय आणि तीनदा दाढीसकट आलाय. गोठा तर दर सुगीला जळतो. शेंबडं पोरही ओळखेल! तू मात्र दोन वर्षं रोज चुकतेस आणि पैज हरून जेवणाची भांडी घासतेस. मला वाटायचं, पोरगी एरवी हुशार, मालिकेत अगदीच ढ.

परवा तुझा मोबाइल ओट्यावर चार्जिंगला होता. त्यावरच्या ॲपमध्ये मालिकेचा संध्याकाळचा भाग दुपारीच बघून झालेला. म्हणजे विहिरीत सावत्र भाऊ पडणार, हे तुला ठाऊक होतं. तरी संध्याकाळी डोळे मोठे करून म्हणालीस, "कुणी नाही पडणार, आई."

आधी रागच आला. मग म्हटलं, चोरून बघणारी जिंकेल, ही हरते कशी? तेव्हा आठवलं, पैजेची टूम तूच काढलीस, माझी बोटं सुजली होती त्याच आठवड्यात.

चार दिवस तुझ्या नवऱ्याला पैजेला बसव. त्याला अजिबात जिंकू देऊ नकोस, त्याची बोटं धडधाकट आहेत.

माझीही आता बरी आहेत गं. आले की एकदा मला हरव.

आई