निष्कर्ष आधीच लिहून ठेवला आहे

१८ सप्टेंबर २००५, रविवार. चँडलर, ॲरिझोना.
आजपासून रोजनिशी. संशोधकाने निदान स्वतःशी प्रामाणिक असावं, म्हणून. ही दुसऱ्या कोणी वाचायची नाही. (हिमानी, एका घरात राहतो म्हणून वाचायचा हक्क मिळत नाही. ठेव खाली.)

अपार्टमेंटच्या क्लबहाऊसमध्ये भरणाऱ्या रविवारच्या मराठी शाळेत थिसिससाठी वाचनाची पूर्वचाचणी घेतली. अठरा मुलं, दोन गट. नऊ माझ्याकडे: मातीची अक्षरं, नाटुकली, पोह्यांची कृती वाचून पोहे. नऊ लतिकाकाकूंकडे: बाराखडी. काकू सातारा जिल्ह्यात एकतीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होत्या, आता मुलाकडे राहतात. हातात छडी नाही, बाकी सगळं तेच. क का कि की, डोलत, एका सुरात. ऐकून शिसारी आली. एकविसावं शतक आहे.

मे महिन्यात थिसिस झाला नाही तर विद्यापीठातली माझी असिस्टंटशिप संपते आणि मी नागपूरला परत. शिवाय शाळा चालवणारे केदारदादा म्हणाले, ज्याची पद्धत जिंकेल ती पुढच्या वर्षी सगळ्यांना लावू. मी सांगितलं, संशोधन म्हणजे शर्यत नव्हे. (मी जिंकणार आहे.)

२० सप्टेंबर
कॉलिंग कार्डावर बाबांना फोन. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर, घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. विचारलं, बेटा, तू करून काय राहिली तिकडं? म्हटलं, शिक्षणात संशोधन. म्हणाले, शिक्षणाचं समजलं, पण त्यात शोधायचं काय, हरवलं काय त्यातलं?

समजावलं. डॉक्टर न तपासलेलं औषध देत नाही. मग मास्तर न तपासलेली पद्धत पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या गळी का उतरवतो? बाबा म्हणाले, म्हणजे नट बसते का नाही ते लावून पाहतो, तसंच न? मी म्हटलं, त्याहून बरंच खोल. (तसंच आहे. पण नट म्हटलं की खूप सोपं वाटतं.)

२५ सप्टेंबर
थिसिसचं पाचवं प्रकरण, ‘निष्कर्ष’, आजच लिहून टाकलं. मे महिन्यात धावपळ नको. ‘कृतिशील पद्धत घोकंपट्टीपेक्षा निर्विवाद सरस ठरते.’ आकड्यांसाठी जागा कोऱ्या सोडल्या आहेत.

संकल्प: रोज दोन तास डेटा. गोड बंद.

९ ऑक्टोबर
केदारदादांची बायको सुवर्णाताई भेटली. म्हणाली, आज काय शिकलास विचारलं तर आमचा म्हणतो, वी मेड श विथ क्ले. बरं, श झाला. पुढे? मी म्हटलं, पुढे काही नसतं, प्रक्रिया महत्त्वाची. ती म्हणाली, अगं, महिना झाला, अजून श च चाललाय यार.

या लोकांचा वीट आलाय. सगळे इंजिनीअर. चिप दहादा टेस्ट केल्याशिवाय कारखान्याबाहेर सोडत नाहीत. स्वतःच्या मुलांच्या बाबतीत मात्र पुरावा एकच: आमच्या वेळी असंच शिकवायचे.

१३ नोव्हेंबर
काकूंनी जिन्यात गाठलं. म्हणाल्या, तुझ्या मुलांना चाचणीत मार्क कमी पडले तर तुझं काय होतं गं? मी सविस्तर सांगितलं. थिसिस, असिस्टंटशिप, नागपूर, घरातली पहिली पदवी. काकूंनी दोनदा विचारलं, खरंच परत पाठवतील? शिक्षणात संशोधनाचं महत्त्व त्यांना आयुष्यात प्रथमच कळलं असावं.

चकल्यांचा डबा दिला. दुसऱ्या गटाकडून काही घ्यायचं नाही असा माझा नियम आहे. उद्यापासून कडक.

८ जानेवारी २००६
क्रांती. माझी मुलं धडाधड वाचू लागली आहेत. एक मुलगा मातीचा ख करताना आपोआप ‘ख खा खि खी’ पुटपुटत होता. मी शिकवलेलं नसताना. मुलाच्या मनात रचना आतूनच उमलते, ती अशी. दोन पानं नोंद केली.

सगळ्यांत उत्साही आठ वर्षांची मीरा. तिने एकटीने संपूर्ण वर्णमाला मातीत घडवून रंगवली. माझ्या पद्धतीचा चालताबोलता पुरावा. (बोलते इंग्लिशमध्ये.)

१२ फेब्रुवारी
अंतिम चाचणी. चाळीसपैकी सरासरी, माझा गट: चौदावरून एकतीस. काकूंचा: चौदावरून सव्वीस. प्रकरण पाच उघडून जागा भरल्या. एक शब्दही बदलावा लागला नाही.

काकूंना निकाल सांगताना आवाजात विजय येऊ दिला नाही. त्या म्हणाल्या, वाचले रे देवा. मोठ्या मनाच्या आहेत, एवढं मान्य.

१३ फेब्रुवारी
थिसिसच्या ॲडव्हायजर बाईंना आकडे दाखवले. त्यांनी पेन्सिलीने एका नावाभोवती गोल केला. मीरा: आधी नऊ, आता आठ. म्हणाल्या, इतर आठजण उड्या मारताहेत आणि ही जागेवरच, का? मी म्हटलं, अपवाद. त्या म्हणाल्या, मग अपवादाकडे जाऊन ये.

वैताग. या देशात कोणालाच सरळ यश बघवत नाही.

२२ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळ.
मीराच्या आईकडे गेले. आश्लेषाताई चाचरत म्हणाली, सॉरी गं, बुधवारी मीराचा पियानो असतो, नाहीतर मीही पाठवलं असतं. कुठे? तर म्हणाली, अय्या, तुला माहीत नाही?

काकूंच्या दाराबाहेर लहान बुटांच्या आठ जोड्या. आत कार्पेटवर मांडी घालून माझा अख्खा प्रायोगिक गट, मीरा सोडून. डोलत. ख खा खि खी. नोव्हेंबरपासून दर बुधवारी.

काकू हात पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, तुझी मुलं मागे पडली असती तर तुला परत धाडलं असतं ना गं त्यांनी. घरातली पहिली शिकलेली पोर तू. म्हणून म्हटलं, आठवड्यातून तासभर घेऊ. त्यांच्या आया तर तयारच होत्या. पण तुझ्या चाचणीचा कागद मी त्यांना दाखवला नाही हं. ते खोटं झालं असतं.

किळस आली. आयांची, शिकवणीची. सात समुद्र ओलांडले, तरी सामानात शिकवणी आणलीच. काकूंचीही येणार होती. पण त्या आत जाऊन डबा भरत होत्या.

२३ फेब्रुवारी
मार्ग आहेत. एक: बुधवारला ‘समाजाचा उत्स्फूर्त सहभाग’ म्हणायचं. दोन: मीराला यादीतून काढायचं. मीरा नसली की सगळं किती स्वच्छ दिसतं.

मीराला काढलं. फाइल सेव्ह केली.

२४ फेब्रुवारी
मीराला परत घातलं. काकूंना जे खोटं वाटतं ते मी कसं करू. (शिवाय ॲडव्हायजर बाईंना तिचं नाव पाठ झालंय.)

२७ फेब्रुवारी
बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, तर फक्त तुझ्याच पद्धतीने शिकलेली मुलं किती? म्हटलं, एक. तिचे मार्क? म्हटलं, एकाने घटले. पण ती फार आनंदात असते.

निकाल: प्रकरण पाच नव्याने. थिसिस डिसेंबरमध्ये. असिस्टंटशिप तोवर मिळवून देईन म्हणाल्या, मात्र जे घडलं तेच लिहायचं.

५ मार्च
केदारदादांनी जाहीर केलं, पुढच्या वर्षी अठराही मुलं काकूंकडे. मधल्या सुट्टीनंतर पंधरा मिनिटं माती, फन म्हणून, माझ्याकडे. टाळ्या एकट्या मीराने वाजवल्या.

बाबांना फोन केला. ऐकून घेतलं. म्हणाले, म्हणजे नट बसलं नाही. म्हटलं, नाही. म्हणाले, आणि का नाही बसलं ते तू खरं सांगितलं त्यांना? म्हटलं, हो. म्हणाले, मंग झालं न काम. आमच्याकडं तर ठोकून बसवते अन् सही करते.

प्रकरण पाच पुसलं. शीर्षक ठेवलं. खाली काही सुचेना, कारण काकू बुधवारी नेमकं काय करतात ते मला माहीतच नाही. एकतीस वर्षांत त्यांना कोणी विचारलेलं नाही. मीही नाही.

काकूंना म्हटलं, बुधवारी बसू का, निरीक्षणासाठी? म्हणाल्या, ये की. पण वेळेवर ये, आणि पाटी आण.