काडी की ठिपका

मंगळ., १२ सप्टें. २००६, चँडलर
फॅबमधून, म्हणजे आमच्या चिपच्या कारखान्यातून, बाहेर आलो, धूळबंद सूट काढला, लॉकर उघडला. फोनवर सुजाताचे कॉल्स, एकामागून एक. शेवटचा बराच जुना. परत केला तर उचलला पोलिसाने.

भरदुपारी दोघं जण मागचं काचेचं दार फोडून आत शिरले. मैत्रेयीला ताप म्हणून ती शाळेत नव्हती. सुजाता तिला घेऊन बाथरूममध्ये शिरली, कडी लावली, पोरीच्या तोंडावर हात ठेवून बसली. एक जण दारापर्यंत आला. हँडल हलवलं. मग गेला. लॅपटॉप नेला, बाकी काही नाही.

पोलिस म्हणाला, यू वेअर लकी. सुजाता मला फक्त एवढंच म्हणाली, "तुम्ही फोन उचलत नव्हता."

बुध., १३ सप्टें.
काचवाला आला, नवी काच बसवून गेला. पहिल्यासारखीच काच. पुन्हा फोडायची तर तेवढाच वेळ लागेल.
मैत्रेयी बाथरूमचं दार उघडं टाकूनच आत जाते.

शनि., २३ सप्टें.
रायफल घेतली. ग्रीन कार्ड दाखवलं, काउंटरवरच्याने फोन लावून चौकशी केली, झालं. फ्रीज घेताना याहून जास्त प्रश्न विचारले होते.
सु.ला अजिबात पटलेलं नाही. "दर रविवारी पंचशील घेतो आपण. पहिलं शील काय आहे?"
म्हटलं, मारायला नाही, वाचवायला आहे.
"कोण वाचवणार? तुम्ही फॅबमध्ये असता."
सेफमध्ये ठेवली. निदान वंदनेच्या खोलीत नको म्हणाली. म्हणून सेफ बेडरूमच्या कपाटात.

रवि., १ ऑक्टो.
समोरच्या घरातला डेल मला वाळवंटात घेऊन गेला. रिटायर्ड, आयुष्यभर शिकार केलेला माणूस. स्वतःहून म्हणाला, चल, शिकवतो. कागदाचं टार्गेट, मागे मातीचा उंचवटा.

आयर्न साइट म्हणजे रायफलीच्या मागच्या टोकाला एक भोक आणि पुढच्या टोकाला एक काडी. भोकातून बघायचं, काडी टार्गेटवर आणायची. डेल म्हणतो, हेच घे. बॅटरी नाही, बिघडायला काही नाही. दुकानातला पोरगा मात्र रेड डॉटच्या मागे लागला होता. दोन्ही डोळे उघडे, काचेत लाल ठिपका, ठिपका जिथे गोळी तिथे.

दुपारभर बरं जमलं. डेल खूश. ऊन उतरल्यावर पुढची काडी गायब झाली. आधी वाटलं, घाम आलाय. चष्मा पुसला. डेल तेव्हाही मारत होता, टार्गेटवर भोकं पडत होती. मला त्याची भोकंही दिसेनात.
"वयाचं आहे," म्हणाला. "तुला मग ठिपकाच घ्यावा लागेल."
गाडीकडे परतताना एका दगडाला अडखळलो.

रवि., १५ ऑक्टो.
डेलने गॅरेजमध्ये रेड डॉट बसवून दिला. त्याच्या मते पैसे वाया. पण मागचं भोक, पुढची काडी तशीच राहू दिलीय. बॅटरी गेली तर त्यातूनच बघता येतं.
सकाळी वंदनेत पहिल्या शीलाला माझा आवाज आपोआप बारीक झाला. सु.चा झाला नाही.

बुध., १ नोव्हें.
हे लिहावं की नाही कळत नाही.

संध्याकाळी सु. भाजी आणायला गेली. मैत्रेयी बरोबर गेली असं मी धरून चाललो. घरातले दिवे लावलेले नव्हते. म्हटलं, ते लोक अशा वेळी आले तर काय दिसतं ते एकदा बघू. रायफल रिकामी, दोनदा तपासलेली. पॅसेजच्या टोकाला उभा राहिलो. काडी: काहीच नाही. मग ठिपका लावला. इतका स्वच्छ, इतका स्थिर की बरं वाटलं. प्रश्न सुटला असं वाटलं. ठिपका मागच्या काचेवर नेला, तिथून किचनच्या ओट्यावर, तिथून फ्रीजवर.

"बाबा."

अगदी समोरून. मला कोणी दिसेना. दिवा लावला. मैत्रेयी फ्रीजला टेकून उभी, पांढरा टी-शर्ट, हातात सीरियलचा बाऊल.

"आय वेव्ह्ड," म्हणाली. "यू लुक्ड राइट अ‍ॅट मी."

रायफल खाली ठेवली. पोर रडली नाही. बाऊल ओट्यावर ठेवून खोलीत गेली.

सु. आल्यावर मीच सांगितलं. तिने पिशव्या खाली ठेवल्या, सेफची किल्ली मागून घेतली. रात्री जेवण नाही.

गुरु., ९ नोव्हें.
डोळ्यांच्या डॉ.कडे. चष्म्याचा नंबर बदलला असणार या हिशोबाने गेलो होतो. वाचायचे तक्ते सगळे पास. मग मोठ्या वाडग्यासारख्या मशीनमध्ये डोकं घालून बसवलं, उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मला वाटलं, छान जमतंय.

कागद बाहेर आला. मध्ये एक पांढरा गोल, भोवती सगळं काळं.
"तुम्ही इतके दिवस ड्राइव्ह करत होता?" डॉ.ने विचारलं. चांगली बाई. आवाज चढवला नाही.
रेटिना, डोळ्यामागचा पडदा, कडेकडून मरत येतोय. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं, शेवटी मधलंही जाऊ शकतं. किती वर्षांत, सांगता येत नाही. औषध नाही. रात्री गाडी चालवणं आजपासून बंद.
घरात कोणाला होतं का? मुलं आहेत का? मुलीलाही तपासून घ्या.

पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं होतं, म्हणून निघालो. घरी सु.ला कागद दाखवला.

रवि., १२ नोव्हें.
नागपूरला आईला फोन. फार काही सांगितलं नाही, फक्त विचारलं.
"तुझ्या मामाले होतं ना तसं. दिवेलागणीनंतर त्याले काही दिसेच नाही. हात धरून न्यावं लागे. आमाले वाटे, लहानपणी खायाले नाही भेटलं म्हणून." मग, "तू काहून विचारून राहिला?"
म्हटलं, सहज.

रवि., २६ नोव्हें.
ठरवलं होतं, रायफल विकायची. डेलला सांगूनही ठेवलं. सु.ला सांगितलं तर ती खूश होईल असं वाटलं होतं. ती भांडी विसळत होती. नळ बंद केला.
"विकू नका. मला शिकवा."
हात पुसत तीच पुढे म्हणाली,
"मला ती वस्तू आवडत नाही. अजूनही नाही. पण त्या दिवशी तुम्ही इथे नव्हता, त्यात तुमचा दोष नाही. आणि पुढच्या वेळी तुम्ही असलात तरी..."
तिने नळ पुन्हा सुरू केला.
मी कट्ट्यावरचं एक ताट उचलून पुसलं. आधीच कोरडं होतं.

शनि., २ डिसें.
मैत्रेयीच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख मिळाली, पुढच्या महिन्यात. तिला सांगितलंय की सगळ्या मुलांची करतात. "डझ इट हर्ट?" नाही म्हटलं. हे तरी खरं आहे.
हल्ली घरात मी वळलो की ती आधीच "हिअर, बाबा" म्हणते. कोणी शिकवलेलं नाही.

रवि., १० डिसें.
डेलबरोबर वाळवंटात, तिघं. मैत्रेयीला टेंपीला मैत्रिणीकडे सोडलं होतं. डेल त्याच्या गाडीने, आमची गाडी सु.ने चालवली.

डेलने तिच्याकडून दोन्हींनी मारून घेतलं. आधी ठिपका बंद करून नुसत्या काडीने, मग ठिपक्याने. मी मागे खुर्चीवर, कानावर आवाज अडवणारे मफ. पहिल्या गोळीला तिचे खांदे दचकले. नंतर नाही. कागद आणून दाखवला. काडीने गोळ्या जरा विखुरलेल्या, ठिपक्याने एका मुठीत मावतील अशा. डेलची मान डोलली. मग माझ्याकडे वळून, "वेल, ठिपकाच. तुझी बायको तुझ्यापेक्षा बरी." हसलो. हसायला हवं होतं.

निघताना सु.ने विचारलं, "कुठलं ठेवू?"
"डेल ठिपका म्हणतो."
"डेलला नाही विचारलं. ठिपका आला की मी ठिपक्याकडेच बघते. काडी असली की समोर काय आहे ते बघावं लागतं."
"मग समोरचा माणूस ज्यात नीट ओळखू येईल ते ठेव."
"आणि ओळखू आल्यावर काय करायचं?"
मी सीटबेल्ट लावला. तिने गाडी सुरू केली.

मैत्रेयीला घेऊन हायवेला लागलो तेव्हा सूर्य मावळला होता. ती मागच्या सीटवरून पाट्या वाचायला लागली, माझ्यासाठी. एक्झिटची नावं, गॅसचे बोर्ड, फर्निचरचा सेल. मोठ्याने, एकेक. उजेड कमी होत गेला तशी ती हळू वाचायला लागली. दमली असेल. मला तर पाट्या दिसत नव्हत्या, ती बरोबर वाचतेय का, एखादी सुटतेय का, कळायला मार्ग नव्हता. सु. आरशात तिच्याकडे बघत होती, एवढं जाणवत होतं. मैत्रेयी मध्ये बराच वेळ गप्प राहिली. मग आमच्या एक्झिटचं नाव म्हणाली, "रे रोड."